ह्यांचा फोटो

"पोरगी बेळगावात काय करती?" असं कुणी विचारलं की माझी आई सांगते, "कॉम्प्युटरात फोटू ठेवती." सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. घरातली पहिली पदवी माझी. त्यासाठी आप्पांनी निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत जादा पाळ्या केल्या, आईनं दोनाच्या तीन म्हशी केल्या, मी बीसीए झाले, आणि या सगळ्याचा शेवट काय, तर 'फोटू ठेवती'? पण इतकी वर्षं हेच काम केल्यावर मला पटलंय की आईचं म्हणणं खरं आहे. आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकातसुद्धा माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन नाही.

आमची कंपनी बेळगावातल्या खासबागेत आहे. खाली माग, वर आम्ही. माग सुरू झाले की टेबलावरचा चहा थरथरतो आणि ग्राहकाला फोनवर वाटतं आम्ही रेल्वेत बसून काम करतो. आमचे मालक हिरेमठ सर हुबळीकडचे. घरात कन्नड, ऑफिसात इंग्रजी आणि आमच्याशी मराठी बोलतात. आनंद झाला की मात्र कुठल्याही भाषेतलं वाक्य "आयतु" म्हणून संपवतात. झालं, मिटलं, असा त्याचा अर्थ. हा शब्द सरांच्या तोंडून निघाला की मला धडकी भरते, कारण ते काम हमखास मिटलेलं नसतं.

आम्ही लोकांना वेबसाइट करून देतो. कॉलेज, पतसंस्था, वधू-वर मंडळ, कुणीही. त्या साइटवर एक बटण असतं : 'फोटो निवडा', 'कागद जोडा'. तुम्ही ते दाबता, तुमच्या फोनमधली फाईल आमच्याकडे येते. ती येताना एकटी येत नाही, आपलं नाव घेऊन येते. हे नाव तुम्ही दिलेलं असतं, तुमच्या फोनने दिलेलं असतं, नाहीतर फोटो स्टुडिओवाल्यानं. आमच्याकडे एक मोठी जागा असते, ती शाळेतल्या दप्तराच्या खुंट्यांसारखी समजा. प्रत्येक खुंटीवर एक नाव आणि एक दप्तर. एकाच नावाचं दुसरं दप्तर आलं तर पहिलं खाली पडतं आणि झाडलोट करणारी बाई ते बाहेर टाकते. यंत्र काही विचारत नाही. त्याला वाटतं, त्याच मुलानं नवं दप्तर आणलं असेल.

म्हणून आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की पाहुण्यानं सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही आणि ते नाव चारचौघांत मोठ्यानं वाचायचंही नाही. दुसरा भाग मी एका वधू-वर साइटवर शिकले. निपाणीकडचा एक फोटोग्राफर गिऱ्हाइकांच्या फायलींना स्वतःच्या सोयीची नावं देत असे. त्या भागात पाटील उदंड, त्यामुळे 'पाटील चष्मा', 'पाटील घाई', 'पाटील टक्कल'. आधीच्या कुणीतरी बांधलेल्या त्या साइटवर फोटोखाली फाईलचं नाव छापून यायचं. एका मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"मॅडम, आमच्या चिरंजीवाच्या फोटोखाली 'पाटील टक्कल' असं का दिसायलंय?"

मी म्हटलं, "काका, ते तुमच्या फाईलचंच नाव आहे. लगेच काढते."

"काढा की. टक्कल हाय, ते काय आमी नाकारत न्हाय. पर ते पोरीकडची मानसं बघायला आल्यावर सावकाश दावायचं ठरलंतं."

पिरनवाडीच्या एका कंत्राटदाराची गोष्ट तर मी आजही नव्या मुलामुलींना सांगते. त्यानं एका कारखान्याच्या साइटवर एक कागद चढवला होता. फाईलचं नाव होतं, 'मोठ्या साहेबांना दाखवायचं नाही'. साइटनं इमानदारीनं ते नाव मोठ्या साहेबांच्याच पडद्यावर दाखवलं. कागदात तसं काही नव्हतं म्हणे. पण साहेबांनी तो तीन वेळा वाचला.

हे झाले किरकोळ किस्से. खरी परीक्षा झाली ती माझ्याच गावात.

आमचं गाव निपाणीपासून बसनं थोडं आत. तिथल्या दूध संस्थेला सभासदांची ओळखपत्रं करायची होती. वार्षिक सभेत कार्ड दाखवल्याशिवाय मत नाही, असा नवा ठराव झालेला. चेअरमन हे आमच्या घराचे जुने मेहेरबान. मी कॉलेजला जात असताना बस चुकली की ते मला दुधाच्या टेम्पोत पुढं बसवून निपाणीला सोडायला सांगायचे. त्यांनी हिरेमठ सरांना फोन केला. "काम तुमास्नी दितो, पर आमच्या सुजातानं करायचं," म्हणाले. आप्पांनी ही बातमी वखारीत, एसटीत, न्हाव्याकडे आणि देवळात सांगितली. "आमच्या पोरीनं गावची डेअरी कॉम्प्युटरवर आणली," असं ते म्हणायचे. तेव्हा अजून काहीही आणलेलं नव्हतं.

चेअरमनांच्या अटी दोनच होत्या. पहिली म्हणजे सभासदाच्या फोटोच्या फाईलला त्याचंच नाव पाहिजे. मी म्हटलं, "अण्णा, आम्ही नंबर देतो. सभासद क्रमांक आहेच प्रत्येकाला." ते म्हणाले, "नंबर नको गं. मानूस म्हंजे काय म्हैस हाय, कानात बिल्ला मारायला?" दुसरी अट अशी की नवा फोटो दिला की जुना जावा. "चार वर्सांनी मानूस म्हातारा हुतो. जुना फोटो ठिवून काय उपेग?" म्हणजे त्याच नावानं दुसरा फोटो आला तर पहिल्याच्या जागी तो बसवायचा. हिरेमठ सरांना हे फार आवडलं. "लॉजिक बरोबर आहे मॅडम. क्लायंटला समजतंय काय पाहिजे ते. आयतु."

मग पडद्यावर एक चौकट केली : 'फाईलला नाव द्या'. टाइप करता येत नसेल तर शेजारी माइकचं चित्र. ते दाबून बोललं की फोन ते लिहून घेतो. गावच्या बायकांना हे फार सोपं गेलं. कारण काम बायकांनीच केलं. सभासद पुरुष, पण म्हशी बायकांच्या, धारा त्यांच्या, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रांगेत उभं राहणंही त्यांचंच. पुरुष रानात, वखारीत, नाहीतर कागलच्या कारखान्यांत. रांगेत उभ्या उभ्या बायकांनी फोन काढले, सभासद क्रमांकाचं बटण दाबलं, आपापल्या नवऱ्याचा फोटो निवडला, माइक दाबला, नाव सांगितलं. खासबागेत बसून मी पाहिलं तर हिरव्या खुणांची नुसती रांग लागली होती. कार्डं छापायला गेली.

सभा रविवारी होती. बुधवारी सकाळी चेअरमनांचा फोन आला.

"सुजाता, हुशील तशी गावात ये."

"काय झालं, अण्णा?"

ते म्हणाले, "गावातल्या निम्म्या बायकांचा नवरा एकच निघालाय."

संध्याकाळी मी डेअरीवर पोहोचले तेव्हा दूध बाजूला राहिलं होतं आणि कार्डं हातोहात फिरत होती. कार्डावर नाव वेगळं, क्रमांक वेगळा, फोटो मात्र एकाच माणसाचा. मोठ्या मिशा, कानात बाळी, डोक्याला टोपी. आमच्या गल्लीतले भरमगोंडा. त्यांची बायको गौराक्का किटलीवर हात ठेवून मधोमध उभी होती.

"ह्या समद्यांनी माझा नवरा वाटून घेतलाय," ती मला म्हणाली, "आन् मला कुनी इचारलंबी न्हाय."

मागून एकजण म्हणाली, "घेऊन करायचं काय गं, गौराक्का? म्हशीला पेंड तरी घालतोय का त्यो?"

"तुझा घालतोय जनू!"

"माझा आता त्योच न्हवं का? कार्डावर बघ की."

हसणं आवरेना. पण पुरुषमंडळी हसत नव्हती. एकाच्या घरात बायकोनं कार्ड नीट पाहून फडताळात ठेवलं होतं, तिला काही वेगळं वाटलं नव्हतं. तो दारात उभा राहून तिला विचारत होता, "तुला नवरा वळखू येत न्हाय व्हय?" ती शांतपणे म्हणाली, "आवं, कार्डावरचा फोटू कुनाचा आपल्यावानी असतोय? आधारवर मी तरी कुटं माझ्यावानी हाय?"

भरमगोंडा स्वतः मात्र खुशीत होते. पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम घालत होते. चेअरमनांना तर संशय आला की हा गडी पुढच्या निवडणुकीला उभा राहतोय आणि हा त्याचा प्रचार आहे.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "तू फाईलला नाव काय दिलंस?"

"काय देनार? ह्यांचा फोटू हाय, तर 'ह्यांचा फोटो' म्हटलं."

"अगं, ह्यांचं नाव सांगायचं होतं."

"तूबी कमाल करतीस. डेअरीवर, चारचौघांत, नवऱ्याचं नाव घ्यायचं?"

मी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. तरुण सुनांनी नावं घातली होती, त्यांची कार्डं बरोबर होती. पण आईच्या वयाच्या बायकांनी माइकसमोर तेच सांगितलं होतं, जे त्या आयुष्यभर सांगत आल्या : ह्यांचा फोटो. पहिलीचा फोटो खुंटीवर लागला, दुसरीनं तेच नाव सांगितल्यावर तो पडला, मग तिसरीनं दुसरीचा पाडला. शेवटी गौराक्का आली. यंत्राला वाटलं, गावात 'ह्यांचा फोटो' नावाचा एकच सभासद आहे आणि तो सारखे फोटो बदलतोय. मग ज्या ज्या क्रमांकापुढं 'ह्यांचा फोटो' लिहिलं होतं, त्या प्रत्येक कार्डावर त्यानं तोच शेवटचा फोटो लावला.

चेअरमन वाईट बोलले नाहीत, पण स्पष्ट बोलले. "शनिवारपतोर कार्डं नीट झाली तर झाली. न्हायतर मला सभेत सांगावं लागंल, कॉम्प्युटर बंद, पयल्यासारखं तोंड बघून मत." त्या सभेत आप्पा पहिल्या रांगेत बसणार होते. वखारीतून रजा काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. त्या रात्री ते मला एवढंच म्हणाले, "हुईल न्हवं?" मी म्हटलं, "होईल." ते जेवले, पण रोजची भाकरी संपवली नाही.

गुरुवारी खासबागेत आम्ही बसलो. हिरेमठ सर म्हणाले, "सोपं आहे. सभासदाचं नाव आपल्या नोंदीत आहे. चौकटीत ते नाव आलं नसेल तर फाईल घ्यायचीच नाही. लाल अक्षरात सांगायचं : नाव आढळले नाही. आयतु." मी तसं केलं. जुने फोटो तर गेलेच होते, ते परत मागवावे लागणार. शुक्रवारी सकाळी मी स्वतः डेअरीवर टेबल मांडून बसले.

रांग लागली. पहिल्या बाईनं फोन पुढं धरला, माइक दाबला आणि गप्प राहिली. फोनही गप्प. मागच्या बायका गप्प. शेवटी ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सुजाता, तूच घाल की गं."

मी घालू शकले असते. पण रांग लांब होती, दूध उन्हात तापत होतं, आणि एकीचं मी टाइप करेपर्यंत चौघींच्या किटल्या खाली ठेवून झाल्या होत्या. असं दुपारपर्यंतही संपलं नसतं. तेवढ्यात गौराक्का रांग मोडून पुढं आली.

"मला माझा नवरा परत पायजे," ती म्हणाली. "हळदीकुकवाला नाव घेतोच की आमी. उखान्यात घेतलेलं चालतंय न्हवं तुझ्या मशीनला?"

मी म्हटलं, "नाव आलं म्हणजे झालं."

तिनं फोन तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली :

"निपाणीच्या बाजारात तंबाखूचा वास,
भरमगोंडांचं नाव घेते डेअरीसाठी खास!"

हिरवी खूण आली. डेअरीत अशी टाळी पडली की कुणाची तरी म्हैस बाहेर बिथरली. त्यानंतर काही विचारू नका. ज्यांनी लग्नानंतर कधी नाव घेतलं नव्हतं त्यासुद्धा माइक दाबायला पुढं सरकू लागल्या. ऐनवेळी नवा उखाणा कुठून आणायचा, म्हणून साऱ्याजणींनी गौराक्काचीच पहिली ओळ घेतली आणि दुसरीत आपलं माणूस बसवलं. तातोबांचं नाव झालं, मग पारीसांचं आणि बाळगोंडांचं. चेअरमनांच्या मंडळी तर मुद्दाम घरून आल्या. आई सगळ्यांना चहा देत होती, त्यामुळे तिचा नंबर शेवटी आला. मी तेव्हा वजनकाट्यापाशी चेअरमनांशी बोलत होते. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, फक्त बायकांचा ओरडा ऐकू आला. मागं वळून पाहिलं तर ती घाईघाईनं रिकामे पेले गोळा करत होती.

मी खूश होते. कुठल्याही कॉलेजात अशी चाचणी शिकवत नाहीत. दुपारी घरी येऊन लॅपटॉप उघडला.

सकाळच्या सगळ्या उखाण्यांचं मिळून खुंटीवर एकच नाव होतं : 'निपाणीच्या बाजारात तंबाखूचा वास'. त्याखाली एकच फोटो होता, आणि तो होता माझ्या वडिलांचा.

झालं होतं असं. फाईलच्या नावाला लांबीची मर्यादा असते. इंग्रजी अक्षरापेक्षा आपली अक्षरं यंत्रात कितीतरी जास्त जागा घेतात. आम्ही वापरत असलेल्या तयार प्रणालीत खुंटीवर नाव लिहायची चिठ्ठी लहान होती. पूर्ण उखाण्यात नाव आहे की नाही हे प्रणालीनं आधी तपासलं, आहे म्हणाली, हिरवी खूण दिली, आणि मग चिठ्ठीवर मावेल तेवढंच लिहून उरलेलं कापून टाकलं. उखाण्याची गंमत अशी की त्यात नाव दुसऱ्या ओळीत येतं. पहिली ओळ सगळ्यांची सारखीच. म्हणजे पुन्हा एकच नाव, पुन्हा प्रत्येक फोटोनं आधीचा पाडलेला, आणि शेवटी आलेली माझी आई.

मी हिरेमठ सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तिकडं खासबागेत खाली मागांची खटखट चालली होती.

"म्हणजे मॅडम," ते म्हणाले, "फक्त नवरा बदलला?"

"हो सर."

"आता कोण?"

"माझे वडील."

सरांनी तिकडं कपाळावर हात मारला, तो मला इकडं ऐकू आला. मग ते म्हणाले, "यप्पा." म्हणजे कन्नडातलं 'अरे बापरे'. आयतु म्हणाले नाहीत, हे माझं नशीब.

कार्डं छापायला गेली नव्हती, एवढंच काय ते बरं. आप्पा संध्याकाळी वखारीतून आले तेव्हा त्यांना काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते भरमगोंडांना पारावर भेटून आले होते. "बिचारा," म्हणाले, "समदी चेष्टा करत्यात त्येची." मी लॅपटॉप अलगद मिटला.

चेअरमनांकडे गेले. म्हटलं, "अण्णा, यावेळी माझं ऐका. फाईलचं नाव यंत्र ठरवेल. आत सभासद क्रमांक. तो कुणाला दिसणार नाही. कार्डावर नाव तुमच्या नोंदीतून येईल. बायकांनी फक्त क्रमांकाचं बटण दाबून फोटो द्यायचा. दोघींचा क्रमांक एक असूच शकत नाही."

त्यांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं, विचार केला. "म्हंजे बिल्ला हाय, पर कानात दिसत न्हाय."

"अगदी तसंच."

"मग पयल्यांदाच तसं का न्हाय केलंस?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "बरं, बरं. उद्या सकाळी. पर हे शेवटचं हं, पोरी."

शनिवारी पहाटे मला खरी भीती एकाच गोष्टीची होती, बायका येतील का? दोनदा फोटो दिले, दोनदा फसले. पण रांग नेहमीपेक्षा लांब होती. गौराक्का पुढं. मी सांगितलं, "आज फक्त नंबर दाबा आणि फोटो द्या. बोलायचं काही नाही."

"म्हंजे आज उखाना न्हाय?" ती म्हणाली.

"नाही. गरज नाही."

रांगेत एकदम नाराजी पसरली. रात्री बसून बायकांनी नवे उखाणे जुळवले होते. एकीनं सुनेकडून पाठ करून घेतला होता. "आमी काय तुझ्या मशीनसाठी आलोय व्हय?" असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा मी तिथंच बसून एक वेगळी चौकट जोडली : 'काही सांगायचे असल्यास'. तिचा फायलीशी काही संबंध नाही, लांबीची अडचण नाही, कितीही बोला. मग म्हशीच्या दुधावरची साय आली, पंचगंगेचं पाणी आलं, चिकोडीचा आठवडी बाजार आला, आणि प्रत्येकीचा नवरा ज्याच्या त्याच्या खुंटीवर जाऊन बसला. आईला मी म्हटलं, "तू नाही घेणार?" ती म्हणाली, "काल घेतलं न्हवं? रोज उठून कोन घेतंय?" तिनं नंबर दाबला, फोटो दिला आणि किटली उचलून निघाली.

संध्याकाळी कार्डं छापून आली. चेअरमनांनी एकेक कार्ड स्वतः दिव्याखाली धरून पाहिलं.

रविवारची सभा तासाभरात आटोपली. कार्ड दाखवून सगळ्यांनी मत दिलं. चेअरमन भाषणात माझं नाव घेऊन म्हणाले, "कॉम्प्युटर चालू राहील. ज्या त्या घरचा मानूस ज्या त्या घरी पोचलाय." आप्पा पहिल्या रांगेत होते. कार्ड त्यांनी शर्टाच्या खिशात फोटो बाहेर दिसेल असं ठेवलं होतं आणि मागं कुणी काही बोललं की मुद्दाम वळून बघत होते. भरमगोंडांकडे मात्र आता कुणी लक्ष देईना. ते गौराक्काजवळ बसले होते आणि तिनं त्यांचं कार्ड आपल्याच मुठीत धरलं होतं.

आज नवी मुलं कामावर येतात तेव्हा मी त्यांना सांगते : माणसानं दिलेलं नाव फाईलला लावू नका, फाईलला आपला नंबर लावा. पण माणूस जे म्हणाला तेही टाकून देऊ नका, त्याला वेगळी जागा करून द्या. ती म्हणतात, मॅडम, त्याची गरज काय? मी म्हणते, कळेल. मला एकच हळहळ आहे की शुक्रवारच्या त्या पहिल्या उखाण्यांच्या दुसऱ्या ओळी गेल्या. त्या कुठंच राहिल्या नाहीत. यंत्रात कापलेलं परत येत नाही.

ही हळहळ मला लागली तीही त्या रविवारीच. सभेवरून आल्यावर दिवस मावळायच्या आत मी बेळगावला निघणार होते. आई गोठ्यात धार काढत होती. आप्पा पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले, जरा वेळ लॅपटॉपकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "शुक्रवारी तुझ्या आयनं काय घेतलं म्हनं उखान्यात? वखारीत बायका म्हनत हुत्या, लई झ्याक घेतलं. मी कामावर हुतो. दाव की."

मी शुक्रवारची जुनी नोंद काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं. "निपाणीच्या बाजारात तंबाखूचा वास." आणि पुढचं शोधायला पडद्याच्या कडेपर्यंत गेले.

"पुढं?"

"पुढचं कापलं गेलं, आप्पा. जागा पुरली नाही."

"म्हंजे वासापतोरच आलं. माझं नाव न्हायच आलं?"

"नाही आलं."

"परत आनता यायचं न्हाय?"

"नाही. कापलं ते गेलं. पण आता त्याची गरजही नाही, नंबरवर चालतंय सगळं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घडी घातली. मग उठून गोठ्याच्या दाराशी गेले. मी पायरीवरच बसून होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं," ते म्हणाले, "ते तुझं शुक्रवारचं कापलं गेलंय म्हनं. परत म्हनाय लागंल."

किटलीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला.

"समद्यांचंच परत घ्यायलेत व्हय?"

"न्हाय. आपलंच तेवढं."

"मग फोन आना की. असं कुनाला सांगू, म्हशीला?"

"म्हशीला सांग," आप्पा म्हणाले आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. "मी हितंच हाय."